ओर्व्हिएतो : खडकावरचे गाव आणि खडकाखालचे पाणी

मित्रहो,

गडावर पाऊल ठेवल्याबरोबर आपल्याकडचा जाणता माणूस तटाची लांबी विचारत नाही, पाणी कुठे आहे ते विचारतो. किल्ला बांधण्याआधी त्या जागी पाणी आहे की नाही ते पाहावे, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांनी देऊन ठेवली, त्याला तीनशे वर्षे होऊन गेली. माझी सारी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामावर गेली, त्यामुळे ही खोड माझ्या अंगात जरा जास्तच भिनलेली आहे. दक्षिण युरोपातली डोंगरमाथ्यावरची जुनी गावे पाहायला लोक जातात ते तिथली चर्चे, चित्रे आणि दगडी गल्ल्या पाहायला. मीही त्याचसाठी गेलो होतो. इटलीच्या उंब्रिया प्रांतातल्या ओर्व्हिएतो या गावी मात्र माझी जुनी खोड जागी झाली आणि चार दिवसांच्या मुक्कामात मी जमिनीवर जितका हिंडलो, जवळजवळ तितकाच जमिनीखालीही हिंडलो. आजचे बोलणे त्या हिंडण्याविषयी आहे.

रोमहून फ्लॉरेन्सकडे जाणारी साधी रेल्वेगाडी धरली, तर सव्वा तासाच्या आसपास ओर्व्हिएतोचे स्थानक येते. स्थानक खाली पाल्या नदीच्या खोऱ्यात आहे आणि गाव वर. हे ‘वर’ कसे आहे ते नीट सांगायला हवे, कारण इटलीतली बहुतेक डोंगरी गावे टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली असतात, तसे हे नाही. इथे मातीच्या गोलसर टेकडीवर दगडाचा एक प्रचंड चौथरा ठेवल्यासारखा दिसतो. त्याच्या कडा चहूबाजूंनी सरळ तुटलेल्या आहेत, काही ठिकाणी पन्नास मीटरांहून उंच, आणि माथा सपाट आहे. या माथ्याची लांबी सुमारे दीड किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तेवढ्या जागेत सगळे जुने गाव बसलेले आहे. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हे रूप पाहताच ओळखीचे वाटते. बालेकिल्ल्याखालचा ताशीव कडा आपण पाहिलेला असतो. फरक इतकाच की आपला कडा काळ्या बसाल्टचा असतो आणि हा तांबूस-पिवळा, उन्हात मधासारखा दिसणारा.

या दगडाला तिथले लोक तुफो म्हणतात. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी आज बोल्सेनाचे सरोवर आहे त्या बाजूच्या ज्वालामुखींनी तापलेली राख आणि दगडाचा चुरा यांचे लोट ओकले. ते खोऱ्यात पसरले, निवले, घट्ट झाले आणि त्यांचाच हा खडक बनला. त्याच्या खाली आहे ती त्याहून कितीतरी जुनी, समुद्राच्या तळाशी साचलेली चिकणमाती. पुढचे सगळे या दोन थरांवरून ठरले आहे, म्हणून ते लक्षात ठेवावेत अशी विनंती आहे. वरचा खडक मऊ, सच्छिद्र, भेगाळलेला. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते. चिकणमाती पाणी जाऊ देत नाही, त्यामुळे ते दोहोंच्या सांध्यावर अडते आणि कड्याच्या पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे गाव वर आणि पाणी खाली. आपल्या बसाल्टच्या गडांवर कातळात टाके खोदले की वर्षभराचे पाणी साठते. इथल्या दगडात नुसता खड्डा करून भागत नाही, त्याला आतून चुन्याचा गिलावा द्यावा लागतो, आणि पाऊसही आपल्या मावळातल्यासारखा कोसळत नाही.

कोकणातल्या मंडळींना तुफो समजावून सांगणे सोपे आहे. चिरेखाणीतला जांभा ताजा असताना हत्याराने सहज कापला जातो आणि हवा लागली की टणक होतो. तुफोचे तसेच आहे. त्यामुळे या गावात घर बांधायचे तर दगड बाहेरून आणावा लागत नसे. घराच्या जागेखालीच खणावे, निघालेल्या दगडाची भिंत उभारावी, आणि खाली जी पोकळी राहील ती तळघर म्हणून वापरावी. खडकात जिथे थर सुटा, भुसभुशीत आहे, तिथे पोत्सोलाना नावाची ज्वालामुखीची राख मिळते. ती चुन्यात मिसळली की तो गारा पाण्याखालीही घट्ट होतो, ही युक्ती रोमन लोकांनी जगाला दाखवली. ओर्व्हिएतोच्या पोटातून ही राख पिढ्यान्‌पिढ्या काढली गेली. आज या दीड किलोमीटरच्या खडकात माणसांनी खोदलेल्या सुमारे बाराशे पोकळ्या मोजल्या गेल्या आहेत.

यातल्या सर्वांत जुन्या एत्रुस्कन लोकांच्या. रोम हे खेडेगाव होते तेव्हा या भागात एत्रुस्कनांची नगरे नांदत होती आणि या खडकावरच्या नगराचे नाव वेल्झ्ना होते. रोमन लोक त्याला वोल्सिनी म्हणत. कड्याच्या पायथ्याशी त्यांची स्मशानभूमी उत्खनन करून ठेवलेली आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली तुफोच्या चिऱ्यांची ती थडगी आखीव रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना चाळीतल्या खोल्यांसारखी ओळीने बसवली आहेत आणि प्रत्येक दाराच्या वरच्या दगडावर, आपल्याकडे दारावर पाटी असते तसे, मालकाचे आणि कुळाचे नाव कोरलेले आहे. लिपी उजवीकडून डावीकडे जाते. मी तिथे भर दुपारी गेलो होतो. माझ्याखेरीज कोणी नव्हते, आणि त्या नावांच्या रस्त्यावरून चालताना एखाद्या नीटनेटक्या वसाहतीत सगळे जेवून झोपले आहेत, असे वाटत राहिले.

वेल्झ्नाचा शेवट वाईट झाला. नगरातल्या उमरावांनी कारभार हळूहळू आपल्याच मुक्त केलेल्या दासांच्या हाती जाऊ दिला, मग तो परत मिळेना, तेव्हा त्यांनी रोमला मदतीला बोलावले. रोमन सैन्य आले ते सगळेच घेऊन गेले. इसवी सनापूर्वी 264 मध्ये मार्कुस फुल्व्हिउस फ्लाक्कुस या सेनानीने नगर उद्ध्वस्त केले आणि उरलेल्या लोकांना बोल्सेनाच्या सरोवराकाठी नेऊन वसवले. तिथून रोमनांनी ब्राँझचे दोन हजार पुतळे लुटून नेले, आणि स्वारी पुतळ्यांसाठीच होती, असा टोमणा एका ग्रीक लेखकाने मारल्याची नोंद थोरल्या प्लिनीने केली आहे. पुढे कित्येक शतकांनी लोक पुन्हा या खडकावर राहायला आले तेव्हा त्यांनी त्याला लॅटिनमध्ये ‘उर्ब्स व्हेतुस’, म्हणजे जुने शहर, म्हटले. ओर्व्हिएतो हे त्याचेच घासून गुळगुळीत झालेले रूप आहे.

एत्रुस्कनांचे घर, देऊळ, तट यांतले वर फारसे काही उरलेले नाही; उरल्या त्या त्यांच्या विहिरी. या विहिरी पाहून मी थक्क झालो, हे कबूल करतो. सव्वा मीटर लांब आणि जेमतेम पाऊण मीटर रुंद असे आयताकृती भोक सरळ खाली जाते आणि त्याच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत पाय ठेवण्यापुरते खाच्यांचे जोड कोरलेले असतात. खोदणारा माणूस दोन्ही भिंतींवर पाय रोवून, पाठ टेकून, खाली उतरत आणि वर येत असे. रुंदी जास्त असती तर त्याला भिंतींचा आधार मिळाला नसता, कमी असती तर हत्यार चालवता आले नसते. माणसाच्या शरीराच्या मापावरून काढलेला तो आडवा छेद आहे. खडकातल्या मार्गदर्शित फेरीत अशा विहिरींच्या तोंडाशी जाळी लावून दिवा सोडलेला असतो, आणि बरोबरचे लोक छायाचित्र काढून पुढे सरकतात. मी मागे रेंगाळलो म्हणून आमच्या मार्गदर्शक बाईंनी दोनदा हाक मारली.

त्याच फेरीत कबुतरांच्या खोल्या दिसतात. कड्याच्या आतल्या बाजूला खोदलेल्या या दालनांच्या भिंतींत वितीएवढी चौकोनी खोपटी रांगेने, शेकड्यांनी कोरलेली आहेत आणि एक लहानशी खिडकी कड्यातून बाहेर दरीवर उघडते. कबुतरे सकाळी त्या खिडकीतून निघत, खालच्या शेतांत, बहुधा दुसऱ्याच्या, दाणे टिपत आणि संध्याकाळी आपापल्या खोपटीत परत येत. मालकाला पिल्ले खायला मिळत आणि विष्ठेचे खत मिळे. खर्च काही नाही. भाजलेले कबूतर आजही गावातल्या खाणावळींच्या यादीत असते. मी शाकाहारी असल्याने त्याबद्दल अधिकाराने बोलू शकत नाही, पण शेवग्याच्या शेंगेइतका खटाटोप करून ते खाताना शेजारच्या टेबलावरची मंडळी तल्लीन झालेली दिसली.

मध्ययुगात लोकांना जुन्या विहिरी आणि पोकळ्या सापडल्या तेव्हा कित्येकांनी त्यांचा उकिरडा केला. फुटकी भांडी, हाडे, राख, सगळे त्यात. या उकिरड्यांतून पुढे तेराव्या-चौदाव्या शतकातली हिरव्या आणि तपकिरी नक्षीची मातीची भांडी इतकी निघाली, की आज संग्रहालयांत काचेमागे जी मांडलेली आहेत आणि चर्चकडे जाणाऱ्या गल्लीतल्या दुकानांत ज्यांच्या नकला टांगलेल्या आहेत, ती मुळात कोणीतरी वैतागून फेकून दिलेली होती.

आता वर येऊ, कारण ओर्व्हिएतोला जाऊन तिथल्या महाचर्चविषयी न बोलणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच परत येणे. तेराव्या शतकात पोप अनेकदा रोम सोडून या सुरक्षित खडकावर येऊन राहत. धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस 1261 ते 1265 या काळात इथल्या मठात शिकवत होता. 1264 मध्ये पोप उर्बन चौथा याने ख्रिस्ताच्या देहाचा सण साऱ्या कॅथलिक जगाने पाळावा, असा आदेश इथूनच काढला. परंपरा असे सांगते की त्याच्या आदल्या वर्षी बोल्सेनाला एका बोहेमियन धर्मगुरूच्या हातातल्या प्रसादाच्या भाकरीतून रक्त टपकले, ते वस्त्रावर पडले, आणि ते वस्त्र पोपकडे ओर्व्हिएतोला आणले गेले; त्या आदेशात मात्र या चमत्काराचा उल्लेख नाही. वस्त्र आजही चर्चमध्ये आहे. उगोलिनो दि व्हिएरी या सिएनाच्या सोनाराने 1338 मध्ये पूर्ण केलेली, चर्चच्या दर्शनी भागाच्या आकाराची, चांदीची आणि मिन्याची त्याची पेटी हे स्वतंत्रपणे पाहण्यासारखे काम आहे, आणि दर वर्षी त्या सणाला गावातून जुन्या पोशाखांतली मिरवणूक निघते.

चर्चची पायाभरणी 1290 मधली. 1310 मध्ये काम लोरेन्झो माइतानी या सिएनाच्या स्थपतीकडे आले, कारण इमारतीच्या भक्कमपणाविषयी शंका निर्माण झाली होती; 1330 मध्ये तो वारला तोवर त्याने दर्शनी भागाला आजचे रूप दिले होते. बाजूच्या भिंती काळ्या बसाल्टच्या आणि फिकट दगडाच्या आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या आहेत, आणि दर्शनी भाग सोनेरी पच्चीकारीने असा झळकतो की माणूस पहिला अर्धा तास वरच पाहत राहतो. माझे मत असे, की वर पाहू नये. वरची पच्चीकारी बहुतांशी नंतरच्या शतकांत दुरुस्त केलेली, बदललेली आहे. खरे काम डोळ्यांच्या उंचीवर, चार रुंद खांबांवर कोरलेल्या उठावाच्या शिल्पांत आहे. पहिल्यावर सृष्टीची उत्पत्ती, शेवटच्यावर अंतिम न्याय. ईश्वर झोपलेल्या आदमच्या बरगडीकडे हात नेतो आहे, ते बोट कसे टेकले आहे ते पाहावे. शेवटच्या खांबावर नरकात ओढल्या जाणाऱ्या माणसांचे चेहरे पाहवत नाहीत.

चर्चच्या आत उजव्या हाताला सान ब्रित्सिओ नावाचे उपमंदिर आहे. त्याचे छत रंगवायला 1447 मध्ये फ्रा आंजेलिकोने सुरुवात केली आणि काम अर्धवट राहिले; ते पन्नास वर्षे तसेच होते. 1499 मध्ये लुका सिन्योरेल्ली याच्याशी करार झाला आणि त्याने पाच वर्षांच्या आत भिंतींवर जगाच्या अंताची चित्रे काढली. मायकेलअँजेलोने त्यांतून बरेच घेतले, असे जुने चरित्रकार सांगतात. खोट्या ख्रिस्ताच्या प्रवचनाच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांतले दोघे उभे आहेत, ते स्वतः सिन्योरेल्ली आणि फ्रा आंजेलिको असल्याचे मानतात. मी मात्र मृतांच्या पुनरुत्थानाच्या चित्रासमोर खिळलो. पांढऱ्या सपाट जमिनीतून माणसे वर येत आहेत. कोणाचे नुसते डोके बाहेर आहे, कोणी कोपरावर जोर देऊन कमरेपर्यंत निघाला आहे, एकाला दुसरा हात देऊन ओढतो आहे, काहींच्या हाडांवर अजून मांस चढायचे आहे. आदल्याच दिवशी खाच्यांच्या विहिरी पाहिलेल्या असल्यामुळे मला ती धडपड अगदी ओळखीची वाटली. या गावात राहून भिंत रंगवणाऱ्याला जमिनीतून वर येणारा माणूस कसा दिसतो हे कोणी सांगावे लागले नसेल.

चर्चच्या चौकातच एका मनोऱ्यावर ब्राँझचा माणूस उभा आहे, त्याला गावकरी माउरित्सिओ म्हणतात. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून तो हातोड्याने घंटेवर तास ठोकतो आहे. मुळात तो बांधकामावरच्या मजुरांच्या वेळा पाळल्या जाव्यात म्हणून बसवलेला. कामावरच्या हजेरीचा प्रश्न इतका जुना आहे, हे पाहून मला बरे वाटले.

आता ज्यासाठी मी तुमचा वेळ घेतला ती विहीर. तेराव्या शतकात, पोपांच्या मुक्कामांमुळे गाव वाढले तेव्हा, आल्फिनाच्या पठारावरून दरी ओलांडून नळाने पाणी आणलेले होते. नळ शिशाचे, आणि दरीत उतरून पुन्हा चढणाऱ्या पाण्याचा दाब त्यांना सोसावा लागे. देखभाल थांबली तसे ते निकामी झाले. मग 1527 साल उजाडले. त्या वर्षी मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेबंद सैन्याने रोम लुटले. पोप क्लेमेंट सातवा सान्त आंजेलोच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि डिसेंबरमध्ये वेष पालटून निसटला, तो या खडकावर येऊन थांबला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला पहिल्या राणीपासून सुटका हवी होती, तेव्हा त्याचे वकील पोपला शोधत 1528 मध्ये इथेच आले. पोपचे राहते घर इतके मोडकळीला आलेले होते की या गावाला ‘जुने शहर’ हे नाव शोभते, असे त्यांनी परत लिहून कळवले.

अशा अवस्थेतल्या माणसाला पहिली भीती वेढ्याची असणार. शत्रूने पायथ्याचे झरे ताब्यात घेतले तर वर किती दिवस निघतील? क्लेमेंटने आपला स्थपती धाकटा आंतोनिओ दा सांगाल्लो याला विहीर खोदायला सांगितले. गावाच्या पूर्व टोकाला, चौदाव्या शतकातल्या आल्बोर्नोझ किल्ल्याशेजारी, त्याने जागा धरली. काम दहा वर्षे चालले. क्लेमेंट 1534 मध्ये वारला आणि विहीर 1537 मध्ये पुढच्या पोपच्या, तिसऱ्या पॉलच्या, काळात पुरी झाली.

खोली सुमारे 53 मीटर, व्यास 13 मीटर. प्रश्न पाण्यापर्यंत पोहोचण्याचा नव्हता; एत्रुस्कन लोक एवढे खोल पाऊण मीटरच्या भोकातून गेले असते. प्रश्न होता रोज साऱ्या गावाला पुरेल इतके पाणी वर आणण्याचा. आपल्याकडे याचे उत्तर मोट. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पण मोटेला जितकी विहिरीची खोली तितकीच बैलांची धाव लागते, आणि कड्याच्या टोकावर 53 मीटरांच्या अनेक धावा काढायला जागा कुठली? सांगाल्लोने दोर वर ओढण्याऐवजी जनावरच खाली पाठवायचे ठरवले. तिथे खरी अडचण सुरू होते. अरुंद गोल जिन्यावर भरलेल्या पखाली घेऊन वर येणारे खेचर आणि रिकामे खाली जाणारे खेचर समोरासमोर आले, तर कोणी मागे फिरायचे?

त्याचे उत्तर असे. विहिरीच्या मधल्या खुल्या नळीभोवती त्याने एक नाही, दोन जिने गुंडाळले, एकावर एक, मळसूत्राच्या दोन आट्यांसारखे. एकाचे दार एका बाजूला, दुसऱ्याचे बरोबर समोर. एकातून उतरायचे, तळाशी पाण्यावरच्या छोट्या पुलावरून पलीकडे जायचे आणि दुसऱ्यातून चढायचे. वाटेत कुठेही दोन्ही जिने एकमेकांना मिळत नाहीत. प्रत्येकाला 248 पायऱ्या आहेत, जनावराच्या पायाला झेपतील अशा रुंद आणि ठेंगण्या, आणि आतल्या भिंतीतल्या सत्तर खिडक्यांतून मधल्या नळीतला उजेड जिन्यावर पडतो. वरचा भाग तुफोत कोरून काढलेला आहे. खाली चिकणमाती लागली तिथून विटांचे बांधकाम आहे, कारण ओली चिकणमाती स्वतःच्या भिंती धरून ठेवत नाही. हा बदल उतरताना हाताला कळतो. मी मुद्दाम भिंतीवर हात ठेवून उतरलो.

उतरताना समोरच्या खिडकीतून दुसऱ्या जिन्याने चढणारी माणसे दिसतात. त्यांचे श्वास ऐकू येतात, नजरानजर होते, पण भेट होत नाही. शाळेच्या सहलीतली दोन मुले वेगवेगळ्या जिन्यांत अडकली होती आणि खिडक्यांतून एकमेकांना हाका मारून कोण वर चालला आहे आणि कोण खाली यावर वाद घालत होती. त्यांच्या शिक्षिकेने शेवटी तळाच्या पुलावर जाऊन दोघांची वाट पाहिली. तिथे पाण्यात नाणी पडलेली दिसतात. थंडी उन्हाळ्यातही अंगावर येते.

दाराशी लॅटिन लेख आहे. त्याचा मथितार्थ, निसर्गाने या गडाला जे नाकारले ते उद्यमाने मिळवून दिले. क्लेमेंटने बेन्व्हेनुतो चेल्लिनीकडून या निमित्ताने एक पदकही घडवून घेतले होते. त्यावर मोझेस खडकावर काठी मारून पाणी काढतो आहे आणि शब्द आहेत, ‘लोकांनी प्यावे म्हणून’. विहिरीचे आजचे नाव संत पॅट्रिकची विहीर. ते बऱ्याच नंतरचे. आयर्लंडमधली संत पॅट्रिकची एक गुहा तळ नसलेली म्हणून प्रसिद्ध होती, त्यावरून पडलेले. इटालियन भाषेत आज ज्याचा हात कधी रिकामा होत नाही त्याच्याविषयी किंवा न संपणाऱ्या साठ्याविषयी हेच शब्द म्हणीसारखे वापरतात. ज्या वेढ्याच्या भीतीने ती खोदली तो वेढा कधी पडला नाही. आमच्या खात्यात अशा कामावर लेखापरीक्षकाने निश्चित शेरा मारला असता.

पाण्याने या गावाला नंतर वेगळ्याच रीतीने अडचणीत आणले. नळ आले, घरोघर न्हाणीघरे आली. जुनी गटारे आणि गळके नळ यांतले पाणी खडकात मुरू लागले. वरचा तुफो ते खाली पोचवतो आणि खालची चिकणमाती भिजून सरकू लागते. ती सरकली की कड्याचा पाया सुटतो, उभ्या भेगा रुंदावतात आणि घराएवढे धोंडे निखळतात. त्यात पोट बाराशे ठिकाणी पोखरलेले. 1970 नंतरच्या दशकात पडझड इतकी वाढली की इटलीच्या संसदेने 1978 मध्ये ओर्व्हिएतो आणि शेजारचे तोदी या दोन गावांसाठी खास कायदा करून निधी दिला. अभियंत्यांनी कड्यात पोलादी सळया खोलवर रोवून भेगा शिवल्या, पोकळ्यांना आधार दिले, आणि मला महत्त्वाचे वाटते ते असे, की पिण्याच्या पाण्याचे नळ आणि सांडपाण्याची गटारे नव्याने टाकली. कडा वाचवायचा तर आधी गळती थांबवा. हे ऐकायला फार साधे वाटते, आणि त्यासाठी साऱ्या गावाचे रस्ते उकरावे लागले.

त्याच काळात मोटारींचा भारही कमी करण्यात आला. पायथ्याला वाहनतळ करून तिथून खडकाच्या आतून सरकते जिने आणि उद्वाहने वर नेली. स्थानकासमोरून वर जाणारी दोरीची रेल्वे 1888 मधली, आदोल्फो कोत्सा या अभियंत्याने आखलेली. ती पाण्यावर चाले. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, तो जड होऊन उताराने खाली येई आणि त्याच दोरीला बांधलेल्या खालच्या डब्याला वर ओढी. खाली पोचल्यावर पाणी सोडून द्यायचे. जे पाणी खेचरांच्या पाठीवरून वर यायचे, तेच आता खाली जाताना माणसांना वर आणू लागले. ती 1970 मध्ये बंद पडली आणि 1990 मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. प्रवास मिनिटा-दोन मिनिटांचा आहे, पुढे बसावे.

1999 मध्ये ओर्व्हिएतो आणि आणखी तीन इटालियन गावांनी मिळून संथ गावांची चळवळ सुरू केली. पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावांना तिचे सभासद होता येते आणि पाठीवर गाव घेतलेली गोगलगाय हे तिचे चिन्ह आहे. त्यावर व्याख्यान द्यावे इतके मला त्यातले कळत नाही. इतके मात्र सांगतो, की रोमहून सकाळी आलेले पर्यटक संध्याकाळच्या गाडीने परत जातात आणि मग गल्ल्या गावकऱ्यांच्या होतात, म्हणून जमले तर रात्री राहावे. गुडघे दुखत असतील तर विहीर आणि भुयारे एकाच दिवशी करू नयेत. तुफोच्या तळघरांत ठेवलेली इथली पांढरी वाइन प्रसिद्ध आहे. तळघर बाराही महिने थंड राहते, त्यामुळे ज्यांना ती प्यायची नाही त्यांनीही उन्हाळ्याच्या दुपारी कोणाच्या तरी आमंत्रणावरून आत जाऊन बसावे.

आणि शेवटच्या सकाळी कड्याच्या पायथ्याने खडकाला पूर्ण वळसा घालणारी पायवाट आहे, ती चालावी. ऑलिव्हची झाडे, भाजीचे वाफे, मधूनच एखादा एत्रुस्कन दगड. मान वर केली की कड्यात कबुतरांच्या खिडक्या दिसतात, आणि त्यांच्या शेजारी, ऊन तिरपे असेल तर, पोलादी सळयांची टोके. उत्तरेच्या बाजूला एका ठिकाणी तुफो संपून माती सुरू होते तो सांधा अगदी वाटेशेजारी, छातीच्या उंचीवर येतो. तिथे दगड कोरडा होता. त्याच्याखाली बोटभर रुंदीच्या पट्टीत नेचे उगवले होते, आणि पायाखालची वाट ओली होती.